बिनगाळणीचा मासा

वडिलांच्या औषधांची फाईल मी टाकून दिलेली नाही. त्या फाईलमध्ये एका चिठ्ठीच्या पाठीवर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पेनने केलेलं गणित आहे. १४० वजा ८१, गुणिले ४४. त्याला भागिले ७२ गुणिले १.१. उत्तर ३३. या आकड्याने अण्णांना पुढची चार वर्षं दिली असं मी मानतो. वाणिज्य शाखेत पदवी घेऊन पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या मला मूत्रपिंडाच्या इतिहासात ओढून नेलं तेही याच आकड्याने.

घडलं ते असं. अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. त्यासाठी त्यांना डिगॉक्सिनची गोळी होती. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, दोन दिवस सुट्टी. दहा-अकरा वर्षं ही गोळी त्यांना मानवली होती. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांची अन्नावरची वासना उडाली. मळमळायचं, गळून गेल्यासारखं वाटायचं. आईने पित्त समजून आमसुलाचं सार, मोरावळा सगळं करून पाहिलं. एका सकाळी अण्णा म्हणाले, ‘‘अरे, भिंतीला पिवळा रंग कधी दिलास?’’ भिंत पांढरी होती. आम्हाला वाटलं, मोतीबिंदू वाढला असेल.

रक्त तपासलं. क्रिएटिनीन १.१. शेजारी छापलेल्या मर्यादेच्या आत. ‘‘किडनी उत्तम आहे,’’ असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि आम्हीही सुटकेचा श्वास सोडला. पुढे दोन आठवड्यांनी अण्णा उठून बसेनात तेव्हा ज्या बाईंकडे नेलं, त्यांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली, मग वजन केलं, मग हृदयाचा आलेख काढला आणि शेवटी हे गणित मांडलं. अण्णांची मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम ३३ मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ करत होती. धडधाकट तरुणाची सव्वाशेच्या आसपास करतात. गोळी अंगात साठत गेली होती. ती काही दिवस थांबवली, नंतर निम्म्या मात्रेने सुरू केली. दहाव्या-बाराव्या दिवशी अण्णांनी पिठलं-भाकरी मागितली.

अकरा वर्षं औषध असलेली गोळी, मात्रा न बदलता, विष कशी झाली? मूत्रपिंड औषधाचं नेमकं करतं तरी काय? या प्रश्नांची उत्तरं शोधताना मला बाल्टिमोरचा एक हट्टी रसायनशास्त्रज्ञ भेटला, आणि त्याच्याबरोबर एक विद्रूप मासा.

०००

शाळेत आपण शिकलो की मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका असतात. प्रत्येक नलिकेच्या टोकाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ एका वाटीत बसवलेला असतो. गुच्छातून रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेले छोटे पदार्थ वाटीत झिरपतात. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी म्हणून मागे राहतात. हे गाळलेलं पाणी दिवसाला सुमारे १८० लिटर भरतं. आपण लघवीवाटे टाकतो ते फार तर दीड-दोन लिटर. उरलेलं सगळं नलिका परत रक्तात ओढून घेते.

गुच्छाभोवतीची ही वाटी लंडनच्या विल्यम बोमनने १८४२ साली नीट दाखवून दिली. नलिकेच्या पेशी रक्तातला कचरा उचलून स्वतःहून आत टाकत असाव्यात, असा त्याचा तर्क होता. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविग म्हणाला, छे, हे सगळं दाबाचं काम आहे. गुच्छात गाळलं जातं आणि नलिकेत पाणी परत शोषलं जातं, बस. पुढे १८७४ साली हायडेनहाइनने जनावरांच्या रक्तात निळा रंग सोडला आणि तो नलिकेच्या पेशींत उतरलेला दाखवला. लुडविगच्या बाजूच्या मंडळींनी त्याचाही वेगळा अर्थ लावला. १९१७ साली आर्थर कुश्नी या मोठ्या अधिकारी पुरुषाने आपल्या ग्रंथात निवाडा दिला : गाळणं आणि परत शोषणं, एवढ्यावर सगळ्याचा उलगडा होतो. नलिका रक्तातून काही उचलून बाहेर टाकते ही कल्पना त्याने मोडीत काढली.

वाद पंडिती वाटतो, पण औषधाच्या दृष्टीने तो जिवाचा आहे. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे साडेसहाशे मिलिलिटर रक्तद्रव वाहतो, आणि त्यातला पाचवा हिस्सा तेवढा गाळला जातो. शरीराकडे फक्त गाळणी असेल, तर एका फेरीत औषधाचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा बाहेर पडेल. त्यातही औषध प्रथिनांना चिकटून राहत असेल तर त्याहून कमी, कारण प्रथिनं गाळणीतून जातच नाहीत. उलट नलिकेत उपसणारे पंप असतील, तर एका फेरीत जवळजवळ सगळं औषध उपसलं जाऊ शकतं. एखादं औषध अंगात तासभर टिकणार की दिवसभर, हे या उत्तरावर अवलंबून होतं.

०००

एली केनर्ली मार्शल हा १८८९ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन गावी जन्मला. मूळचा रसायनशास्त्रज्ञ, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९१७ साली तिथूनच वैद्यकाची पदवीही घेतली. वैद्यकात तो उशिरा शिरला, पण हातात मोजमाप घेऊन शिरला. रक्तातला आणि लघवीतला युरिया मोजायची सोपी पद्धत त्याने १९१३ मध्येच बसवली होती. ‘अमुक पदार्थ किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न असे. १९२१ पासून तो हॉपकिन्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता.

त्याच संस्थेत दहा वर्षांपूर्वी राउनट्री आणि जेराटी या दोघांनी मूत्रपिंडाची एक चाचणी रूढ केली होती. फिनॉल रेड नावाचा रंग सहा मिलिग्रॅम टोचायचा आणि दोन तासांत लघवीतून त्यातला किती बाहेर येतो ते पाहायचं. लघवीत अल्कली घातली की हा रंग गर्द गुलाबी होतो, म्हणून मोजायला सोपा. निरोगी माणसात दोन तासांत निम्म्याहून कितीतरी जास्त रंग बाहेर पडे. चाचणी सर्रास वापरली जात होती, पण इतका रंग इतक्या लवकर बाहेर पडतो कसा, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

मार्शलने तो मांडला. १९२३ साली व्हिकर्स या सहकाऱ्याबरोबर त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्तातल्या फिनॉल रेडचा मोठा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणजे तो गाळणीतून जाऊच शकत नाही, हे त्याने दाखवलं. जो मोकळा उरतो, तेवढाच गाळला गेला असं धरलं तर लघवीतल्या रंगाचा मेळ बसेना. आवक कमी आणि जावक जास्त. आमच्या पतसंस्थेत असा ताळेबंद आला असता तर आम्हीही हेच म्हटलं असतं : कुठेतरी दुसरं खातं आहे. मार्शलच्या मते ते खातं नलिकेच्या पेशींत होतं. त्या रंग रक्तातून उचलून आत टाकत होत्या.

याच काळात फिलाडेल्फियात आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स आणि जोसेफ वेअर्न बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकेका वाटीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून आतला थेंब काढत होते. तो थेंब खरोखरच प्रथिनाशिवायचा रक्तद्रव निघाला. लुडविगची गाळणी खरी ठरली. त्यामुळे गाळणीवाल्यांचा जोर वाढला आणि मार्शलच्या ताळेबंदावर लोक शंका घेऊ लागले. कुत्र्याच्या मूत्रपिंडात गाळणी आणि नलिका एकमेकींना जोडलेल्या; एकीचं श्रेय दुसरीला दिलं जात नाही कशावरून?

०००

यावर मार्शलने काढलेला तोडगा मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा वाटतो. गाळणीच नसलेलं मूत्रपिंड मिळालं तर? काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांचे गुच्छ नसतात, हे शरीररचनाशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. समुद्रघोडा त्यातलाच. पण प्रयोगाला मोठा मासा हवा. तो मिळाला गूजफिश. चपटा, तळाशी पडून राहणारा, डोक्याएवढंच तोंड, आणि कपाळावर एक दांडी. तिच्या टोकाचं मांस हलवून हा छोट्या माशांना तोंडापाशी बोलावतो. कोळ्याच्या टोपलीत कुणी पटकन हात घालणार नाही असं रूप.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर एक छोटी जीवशास्त्रीय प्रयोगशाळा आहे. शास्त्रज्ञ उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला येत. मार्शल तिथे या माशावर काम करू लागला. टोडफिश नावाचा दुसरा बिनगाळणीचा मासाही त्याने अभ्यासला. १९२८ ते १९३० या काळात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या माशांना फिनॉल रेड टोचला. गाळणी नाही, तरी रंग लघवीत उतरला, आणि रक्तात होता त्याहून दाट उतरला. यात दुसरं कुठलं खातं असण्याची शक्यताच नव्हती. उलट, साखरेचं परत शोषण बंद पाडणारं फ्लोरिझिन दिलं की गाळणी असलेल्या प्राण्यांच्या लघवीत साखर उतरते. या माशांच्या लघवीत ती उतरलीच नाही. म्हणजे साखर गाळणीच्याच वाटेने येते, आणि फिनॉल रेडसारखे पदार्थ नलिकेतूनही. एकाच माशाने दोन्ही वाटा वेगळ्या करून दाखवल्या. लुडविगही बरोबर होता आणि बोमनही. पंचाऐंशी वर्षांचं भांडण समुद्रतळावरच्या एका विद्रूप प्राण्याने मिटवलं.

त्याच बेटावर होमर स्मिथ हा न्यूयॉर्कचा शास्त्रज्ञ येत असे. गाळणी कुणाला हवी आणि कुणाला नको, यावर मार्शल आणि स्मिथ यांनी १९३० साली मिळून एक निबंध लिहिला. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत घुसतं. ते उपसायला मोठी गाळणी लागते. खाऱ्या समुद्रात उलट पाणी अंगातून निघून जातं. तिथे गाळणी हा परवडणारा खर्च नाही. काही माशांनी तो खर्चच बंद केला. स्मिथने पुढे ‘फ्रॉम फिश टू फिलॉसॉफर’ या पुस्तकात ही गोष्ट फार रंगवून सांगितली आहे. पुढे १९४८ साली रॉय फॉर्स्टरने माशाच्या सुट्या केलेल्या नलिकांत फिनॉल रेड पेशी ओलांडून आत जाताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आणि ज्या रेणूंकडून हे उपसण्याचं काम होतं, त्यातल्या एका मुख्य पंपाचं जनुक १९९७ साली हाती लागलं.

०००

या माशाचं माणसाला काय देणं लागतं, ते महायुद्धात कळलं.

फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं. जंतुसंसर्गाने त्याचा एक डोळा काढावा लागला होता. औषधाने चोवीस तासांत उतार पडू लागला. पण जगात पेनिसिलिनचा साठा होता केवढा, तर चमच्या-दोन चमच्यांचा. आणि टोचलेलं औषध भराभर लघवीतून निघून जात होतं. मग त्याची लघवी गोळा करायची, सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन काढायचं आणि त्यालाच पुन्हा टोचायचं, असा खटाटोप चालला. साठा संपला. १५ मार्चला तो गेला.

पेनिसिलिन इतकं लवकर जातं, कारण त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग नलिकेचे पंप उपसून टाकतात. गाळणीच्या वाट्याला उरलेले दहा टक्केच येतात. हे पंप कोणते? फिनॉल रेड उपसणारेच. पंपांची संख्या ठरावीक असते. दोन पदार्थ एकाच वेळी दारात उभे राहिले तर एकाला थांबावं लागतं. हे ध्यानात घेऊन १९४३ साली बॉस्टनमध्ये रॅमलकँप आणि ब्रॅडली यांनी पेनिसिलिनबरोबर त्याच पंपाचा दुसरा एक ग्राहक, क्ष-किरण चित्रांसाठी वापरलं जाणारं डायोड्रास्ट, देऊन पाहिला. पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ टिकलं. पुढे शार्प अँड डोम या औषध कंपनीतल्या कार्ल बेयरने हाच धागा पकडला आणि पंप अडवून धरणारं प्रोबेनेसिड हे औषध घडवलं. तोवर पेनिसिलिन मुबलक झालं होतं, पण प्रोबेनेसिड वाया गेलं नाही. ते नलिकेत युरिक अ‍ॅसिडचं परत शोषण रोखतं, म्हणून गाऊटच्या रुग्णांना कामी आलं.

०००

मार्शलचं दुसरं काम आमच्या अण्णांच्या अधिक जवळचं आहे.

१९३२ साली तो औषधशास्त्राकडे वळला. १९३५ नंतर सल्फा औषधांचं युग सुरू झालं. जंतू मारणारी गोळी डॉक्टरांच्या हाती आली, पण ती किती द्यायची, किती तासांनी द्यायची, हे सगळं अंदाजपंचे. मार्शलने नेहमीचा प्रश्न विचारला : रक्तात किती आहे? १९३७ मध्ये त्याने सल्फानिलामाइड मोजण्याची रीत काढली आणि १९३९ मध्ये ब्रॅटनबरोबर ती सुधारली. इथेही पुन्हा रंगच : रक्ताच्या नमुन्यात औषध जितकं जास्त, तितका गुलाबी-जांभळा रंग गडद.

एकदा मोजता आल्यावर चित्र स्पष्ट झालं. औषध आतड्यातून रक्तात येतं, अंगभर पसरतं आणि मुख्यतः मूत्रपिंडातून जातं. तेव्हा सुरुवातीला मोठी मात्रा देऊन पातळी गाठायची आणि नंतर मूत्रपिंड जेवढं बाहेर टाकतं तेवढीच भर ठरावीक तासांनी घालत राहायची. आज नर्स रात्री दोन वाजता उठवून अँटिबायोटिक देते, त्यामागे हा विचार आहे. मात्रा ही औषधाचा गुणधर्म नाही. ती औषध आणि ते घेणारा देह, या दोघांमधला हिशेब आहे. ज्याच्या मूत्रपिंडाचा वेग मंदावला, त्याची भरही कमी व्हायला हवी.

टाकीत रोज तेवढंच पाणी सोडलं आणि तळाची तोटी चोंदत गेली, तर पातळी चढणारच. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून, जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंड निरोगी असेल तर अंगातलं निम्मं डिगॉक्सिन दीड-दोन दिवसांत जातं. मूत्रपिंड जवळजवळ बंद असेल तर त्यालाच चार-पाच दिवस लागतात. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. पातळी ओलांडली की भूक जाते, मळमळतं, आणि कधी कधी सगळं पिवळं दिसतं. अण्णांची भिंत मोतीबिंदूने पिवळी झाली नव्हती.

मग क्रिएटिनीन १.१ कसं? क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. म्हाताऱ्या, वाळलेल्या देहात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीनही कमी तयार होतं. आवकच घटली असेल तर तुंबलेल्या नाल्यातही पाणी फार चढत नाही. सत्तर किलोच्या तरुणाला १.१ ठीक, चव्वेचाळीस किलोच्या वृद्धाला तो धोक्याचा आकडा असू शकतो. म्हणूनच त्या गणितात वय आणि वजन येतं. माँट्रियलच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी ते २४९ पुरुषांच्या नोंदींवरून १९७६ साली बसवलं. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणतात.

मार्शलचे पंप इथेही डोकं वर काढतात. क्रिएटिनीनचा काही भाग नलिकाही उपसते. ट्रायमेथोप्रिमसारखं औषध ते पंप अडवतं. मग मूत्रपिंडाला काहीही न होता अहवालात क्रिएटिनीन थोडं चढतं. म्हणजे आकडा चांगला असून मूत्रपिंड थकलेलं असू शकतं, आणि आकडा वाढलेला असून ते ठणठणीत असू शकतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने आपल्या मनाने दुखण्याची गोळी घेऊ नये, असं सांगतात त्याचं एक कारण हेच की दोन्ही एकाच पंपाच्या दारात उभी राहतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन यकृतात मोडत नाही. तेही जसंच्या तसं, बरंचसं नलिकेच्या वाटेने बाहेर पडतं. मूत्रपिंड फार मंदावलं तर डॉक्टर ते कमी करतात किंवा बंद करतात.

मी डॉक्टर नाही, आणि हे वाचून कुणी स्वतःची गोळी कमी-जास्त करू नये. एकदम बंद केल्याने जीव धोक्यात येईल अशी औषधंही पुष्कळ आहेत. पण प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. ‘‘डॉक्टर, ही गोळी किडनीतून जाते का? यांचं वय आणि वजन धरून मात्रा बरोबर आहे ना?’’ हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारला असता, तर अण्णांचे ते दोन महिने वाचले असते. दोष मी कुणा एकाला देत नाही. गोळी अकरा वर्षं तीच होती, चिठ्ठी तीच होती, अहवालात कुठेही तांबडी खूण नव्हती. बदलला होता तो फक्त माणूस, आणि तो हळूहळू बदलला होता.

अण्णांना जाऊन आता पाच वर्षं झाली. आई चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी चार रकाने आखले आहेत : तारीख, वय, वजन, क्रिएटिनीन. दर सहा महिन्यांनी भरतो. यंदा गणपतीनंतर तिचं वजन ४८ किलो भरलं, क्रिएटिनीन ०.९. हिशेब केला, उत्तर आलं ३५. कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा तपासणी करून घेतली आणि मेटफॉर्मिनची मात्रा निम्म्यावर आणली. परत येताना रिक्षात आईने विचारलं, ‘‘एवढं काय लिहीत असतोस त्या वहीत?’’ मी तिला त्या माशाची गोष्ट सांगितली. तिने ती पुरती ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘‘तुझ्या अण्णांना सांगायला हवी होतीस.’’